नाकाला शिवून गेलेला मेंदू

तान्ह्या बाळाच्या नाकाच्या दांड्यावर, अगदी मधोमध, जेमतेम मिलिमीटरभर भोक असतं आणि त्यातून एकच बारीक केस बाहेर डोकावत असतो. घरात कुणाच्या ते ध्यानातही येत नाही. आलंच, तर कुणी म्हणतं जन्मखूण आहे, कुणी म्हणतं केस उपटून टाका. पण जाणत्या कान-नाक-घसा तज्ज्ञाची नजर त्या केसावर पडली, की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो मेंदूचा. हे भोक किती खोल गेलं आहे? कातडीपुरतंच आहे, नाकाच्या हाडाखाली शिरलं आहे, की थेट कवटीच्या आत पोचलं आहे?

नाकावरच्या एका केसाचा मेंदूशी काय संबंध? शरीराच्या घडणीतली एक विलक्षण गोष्ट या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

नाकाच्या मध्यरेषेवर जन्मतः येणाऱ्या गाठी दुर्मीळ आहेत. साधारण २०,००० ते ४०,००० जन्मांमागे एखाद्या बाळाला अशी गाठ असते. त्यांचे मुख्य प्रकार तीन: डरमॉइड, ग्लायोमा आणि एन्सेफॅलोसील. पहिल्यात कातडी चुकीच्या जागी अडकलेली असते. दुसऱ्यात मेंदूच्या पेशींचा एक तुकडा मूळ मेंदूपासून तुटून बाहेर राहिलेला असतो. तिसऱ्यात मेंदूचं आवरण, आणि पुष्कळदा प्रत्यक्ष मेंदूचा भागही, कवटीतल्या फटीतून बाहेर आलेला असतो. वरवर पाहता तिन्ही सारख्याच वाटू शकतात: भुवयांच्या मधे किंवा नाकाच्या दांड्यावर एक लहानसा उंचवटा. गळू समजून त्यात सुई घातली आणि ते एन्सेफॅलोसील निघालं, तर सुई मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरते आणि जंतूंना आत जायला वाट मिळते. म्हणून इथे निदान आधी, हात लावणं नंतर.

तिन्ही गाठींचं मूळ गर्भातल्या एकाच जागेत आणि जवळपास एकाच काळात असतं. त्या काळात काय घडतं ते पाहिलं, की डॉक्टर बाळाला तपासताना जे जे करतात त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण उलगडतं.

पाळी चुकल्यानंतरचे दिवस

गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या दोन्ही कडा हळूहळू उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. पट्टीची नळी होते. या नळीच्या वरच्या भागाचा पुढे मेंदू होतो आणि खालच्या भागाचा मज्जारज्जू. नळी आधी मधे मिटते आणि मग दोन्ही टोकांकडे मिटत जाते. डोक्याकडचं तोंड बंद होतं ते साधारण २५ व्या दिवशी. गर्भाची लांबी तेव्हा तीन-चार मिलिमीटर असते. आईची पाळी चुकून दहा-अकरा दिवस झालेले असतात. आपल्याला दिवस गेले आहेत हे कित्येकींना अजून माहीतही नसतं. आणि एवढ्यात बाळाच्या मेंदूचं दार मिटूनही गेलेलं असतं.

याच सुमारास नळीच्या काठांवरच्या काही पेशी सुट्या होतात आणि प्रवासाला निघतात. त्यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. चेहऱ्याची बहुतेक हाडं आणि कूर्चा याच पेशींपासून घडतात. म्हणजे आपला चेहरा ज्या पेशींनी उभा केला, त्या मेंदूच्या दारातून बाहेर पडलेल्या आहेत. चौथ्या ते आठव्या आठवड्यात त्या पुढे सरकत राहतात आणि पाच उंचवटे आकार घेतात: कपाळाकडून खाली येणारा एक, वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन. कपाळाकडच्या उंचवट्यावर दोन खळगे पडतात. त्याच पुढे नाकपुड्या होतात. हे सगळे भाग सरकत सरकत मधल्या रेषेवर एकमेकांना भिडतात आणि चेहरा जुळतो.

जुळवणीच्या या धावपळीत नाकाच्या मुळाशी काही काळ एक फट मोकळी राहते. तान्ह्या बाळाची टाळू आपण सगळ्यांनी पाहिलेली असते: डोक्यावरची हाडं अजून जुळलेली नाहीत अशी ती मऊ, उडणारी जागा. तशीच एक तात्पुरती टाळू गर्भाच्या भुवयांमधे, कपाळाचं हाड आणि नाकाची हाडं यांच्या दरम्यान असते. तिच्या खाली आणखी एक पोकळी असते. तिची वरची बाजू नाकाच्या हाडांची, खालची बाजू नाकाच्या कूर्चेची. कवटीच्या तळाला, पुढच्या बाजूस, फोरामेन सीकम नावाचं एक छिद्र असतं. मेंदूला वेढणाऱ्या जाड आवरणाचं, म्हणजे ड्यूराचं, एक निमुळतं टोक या छिद्रातून खाली त्या पोकळीत उतरतं आणि नाकाच्या कातडीला आतून जाऊन टेकतं.

हे काही एखाद्या आजारी गर्भात घडत नाही. गर्भशास्त्राची जी मांडणी आज सर्वमान्य आहे तिच्यानुसार हे प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मेंदूचं आवरण एके काळी त्याच्या नाकाच्या कातडीला शिवून आलेलं आहे. मग ते टोक मागे सरतं, छिद्र मिटतं, दोन्हीकडची हाडं जुळतात आणि त्या भेटीचा काही मागमूस उरत नाही.

ज्यांच्या बाबतीत तो उरतो, त्यांच्या नाकावर गाठ येते.

एकाच वाटेवरचे तीन मुक्काम

समजा, आवरणाचं ते टोक मागे सरताना कातडीपासून सुटलंच नाही. चिकटपट्टी उचकटताना खालचा कागदही तिच्यासोबत निघून यावा, तशी नाकाची कातडी त्या टोकाबरोबर आत ओढली जाते. बाहेर उरतं एक भोक. आत एक नळी आणि तिच्या शेवटी किंवा मधेच कुठेतरी एक पिशवी. हे डरमॉइड. मध्यरेषेवरच्या तिन्ही गाठींत हाच प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो. आत ओढली गेलेली कातडी तिथेही कातडीचीच कामं करत राहते: तेल सोडते, मृत पेशी टाकते, केस उगवते. त्यामुळे पिशवी सावकाश भरत जाते आणि गाठ वर्षानुवर्षं थोडी थोडी वाढते. भोकातून डोकावणारा तो केस खोलवर अडकलेल्या कातडीत उगवलेला असतो. निम्म्याहून कमी मुलांतच तो दिसतो, पण दिसला तर डरमॉइडबद्दल शंका घ्यायला जागा उरत नाही. भोक नाकाच्या शेंड्याखालच्या पट्टीपासून थेट भुवयांच्या मधल्या जागेपर्यंत कुठेही असू शकतं, कारण कातडी त्या सगळ्या रेषेवर कुठेही अडकू शकते. बहुतेक मुलांत ही वाट कवटीच्या बाहेरच संपते. काहींत मात्र ती फोरामेन सीकममधून आत जाते, आणि बाहेरची साधी पुळी आतल्या मेंदूज्वराचं किंवा मेंदूतल्या गळवाचं कारण ठरू शकते.

आता दुसरी शक्यता. दार मिटण्याआधी मेंदूच्या पेशींचा थोडा अंश बाहेर आला आणि मग दार मिटलं. तो तुकडा बाहेरच राहिला. हा नाकाचा ग्लायोमा. मेंदूच्या एका कॅन्सरलाही ग्लायोमाच म्हणतात, म्हणून हा शब्द रिपोर्टमध्ये वाचून आईवडिलांच्या पायांखालची जमीन सरकते. पण नाकाचा ग्लायोमा कॅन्सर नाही. तो पसरत नाही. वाट चुकलेल्या मेंदूच्या पेशी शांतपणे तिथे राहतात, एवढंच. अशा गाठींपैकी साधारण ६०% नाकाच्या बाहेर दिसतात, ३०% नाकपुडीच्या आत असतात आणि १०% आत-बाहेर दोन्हीकडे. यांतल्या १५ ते २०% गाठींना कवटीच्या आत जाणारा एक तंतूसारखा देठ असतो. मेंदूशी असलेलं जुनं नातं तेवढंच उरलेलं असतं.

तिसरी शक्यता म्हणजे दार मिटलंच नाही. मेंदूचं आवरण, मेंदूभोवतीचं पाणी आणि बहुधा मेंदूचा थोडा भाग त्या फटीतून बाहेर येतो आणि आतल्या मेंदूशी त्याचा संबंध चालूच राहतो. हे एन्सेफॅलोसील. नुसतं आवरण आणि पाणी बाहेर आलं असेल तर त्याला मेनिन्गोसील म्हणतात. जगाच्या नकाशावर याचं वाटप फार विषम आहे. युरोप-अमेरिकेत नाकाकपाळाजवळचं एन्सेफॅलोसील सुमारे ४०,००० जन्मांमागे एका बाळात आढळतं; थायलंड, म्यानमार, कंबोडिया या आग्नेय आशियाई पट्ट्यात हेच प्रमाण सुमारे ५,००० जन्मांमागे एक इतकं जास्त आहे. या गाठींचं जे वर्गीकरण आज जगभरचे न्यूरोसर्जन वापरतात तेही थायलंडमधूनच आलं. सुवनवेला या आडनावाच्या दोन थाई डॉक्टरांनी १९७२ मध्ये ते मांडलं: कवटीतून बाहेर पडणारी वाट चेहऱ्यावर नेमकी कुठे उघडते, यावरून गाठीचा प्रकार ठरवायचा.

म्हणजे डरमॉइड, ग्लायोमा आणि एन्सेफॅलोसील हे एकाच प्रवासातले तीन मुक्काम आहेत. बाळासमोर बसलेल्या डॉक्टरांना एकच ठरवायचं असतं: हा प्रवास कुठे थांबला, आणि मागची वाट अजून उघडी आहे का?

बाळाचं रडणं काय सांगतं

पहिली तपासणी नजरेची. गाठ मध्यरेषेवर आहे की बाजूला? भोक आहे का, केस आहे का, त्यातून कधी पांढरट, घट्ट पदार्थ बाहेर येतो का? दोन्ही डोळ्यांमधलं अंतर वाजवीपेक्षा जास्त आहे का? नाकाचा दांडा पसरट आहे का? मधे काहीतरी अडकून राहिल्यामुळे दोन्हीकडची हाडं जवळ येऊ शकली नाहीत, तर ते अंतर आणि ती रुंदी चेहऱ्यावर उमटते.

दुसरी तपासणी बोटांची, आणि ती अगदी हलक्या हाताची. डरमॉइड घट्ट लागतं. दाबून आत जात नाही. ग्लायोमा टणक, रबरी असतो आणि तोही दबत नाही. त्यावरची कातडी पुष्कळदा लालसर, बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीची असते. एन्सेफॅलोसील मऊ, निळसर असतं, थोडं दबतं, आणि कधी कधी बोटाखाली त्याचे ठोकेही लागतात. अंधाऱ्या खोलीत गाठीला टॉर्च लावला, तर पाण्याने भरलेलं एन्सेफॅलोसील उजळून निघतं; डरमॉइड आणि ग्लायोमा उजळत नाहीत.

तिसरी तपासणी बाळ स्वतःच करून दाखवतं. ते रडू लागलं, की छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि कवटीच्या आतला दाब चढतो. रडताना बाळाची टाळू फुगते ती याचमुळे. आता नाकावरच्या गाठीची वाट कवटीच्या आत उघडी असेल, तर तो दाब गाठीपर्यंतही पोचतो आणि गाठ रडण्याबरोबर फुगते. वाट बंद असेल, तर बाळ कितीही रडलं तरी गाठ जशीच्या तशी राहते. डॉक्टर हाच परिणाम मुद्दामही घडवून पाहू शकतात. मानेतल्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या नीला क्षणभर हलकेच दाबल्या, की डोक्यातलं रक्त परतायला थोडा वेळ लागतो आणि मेंदूशी जोडलेली गाठ फुगते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले कान-नाक-घसा तज्ज्ञ आल्बर्ट फर्स्टेनबर्ग यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. ना यंत्र, ना सुई, ना खर्च. आणि उत्तर मिळतं ते कवटीच्या आतल्या एका छिद्राबद्दल.

या उत्तराला मर्यादाही आहे. गाठ फुगली, तर मेंदूशी वाट जोडलेली असणार असं धरून चालावं लागतं. पण फुगली नाही, म्हणून वाट नाही असं मात्र म्हणता येत नाही. देठ घट्ट, तंतुमय असला तर दाब त्यातून पोचत नाही, पण देठ असतोच. म्हणून पुढची पायरी चुकवता येत नाही.

हाड पाहायचं, की हाडापलीकडचं?

त्या वाटेचा खरा नकाशा सीटी स्कॅन आणि एमआरआय मिळून काढतात. सीटी स्कॅनमध्ये हाड उत्तम दिसतं. कवटीच्या तळावर, पुढच्या बाजूस, क्रिस्टा गॅली नावाचं एक उभं हाड असतं. फोरामेन सीकम त्याच्या अगदी पुढ्यात. हे छिद्र रुंदावलेलं आणि त्याच्या मागचं हाड मधोमध दुभंगलेलं दिसलं, तर त्या वाटेने काहीतरी गेलं असण्याची शक्यता वाढते. एमआरआयमध्ये मऊ भाग दिसतात: पिशवीत मेद आहे, पाणी आहे, की मेंदू, आणि देठ असेल तर तो कुठवर जातो.

पण तान्ह्या बाळाची कवटी म्हणजे प्रौढ कवटीची छोटी आवृत्ती नव्हे. जन्माच्या वेळी नाकाच्या वरचा कवटीचा तळ बहुतांशी कूर्चेचाच असतो. त्याचं हाड होत जातं ते पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत. सीटी स्कॅनमध्ये कूर्चा हाडासारखी पांढरी उमटत नाही. त्यामुळे अगदी निरोगी बाळाच्या स्कॅनमध्येही तिथे हाडात भोक असल्याचा भास होऊ शकतो. पुढे तीच जागा दुसऱ्या बाजूने फसवते: वाढत्या मुलाच्या क्रिस्टा गॅलीमध्ये मेदयुक्त मज्जा भरते, ती एमआरआयमध्ये चमकते आणि कवटीच्या आत शिरलेल्या डरमॉइडसारखी भासू शकते. एका वयात दिसणारी एक प्रतिमा खरी खूण असते, दुसऱ्या वयात तीच नुसती वाढीची अवस्था असते. मुलांच्या स्कॅनचा अनुभव असलेला रेडिओलॉजिस्ट इथे लाखमोलाचा ठरतो, कारण बाळाच्या वयाला काय साजतं आणि काय नाही, हे त्याच्या डोळ्यांत मुरलेलं असतं.

एमआरआयमध्ये क्ष-किरण वापरत नाहीत, म्हणून लहान मुलांत त्याला झुकतं माप मिळतं. अडचण एकच: मूल स्थिर राहिलं पाहिजे. थोड्या मोठ्या मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागते. पण अगदी तान्ह्या बाळांसाठी कित्येक रुग्णालयांत एक साधी युक्ती वापरतात: बाळाला पोटभर दूध पाजायचं, कानांना आवाजापासून जपायचं, कापडात नीट गुंडाळायचं आणि ते गाढ झोपलं, की यंत्रात ठेवायचं. बाळंतिणीच्या खोलीतली रोजची गोष्ट अशी अत्याधुनिक यंत्राच्या मदतीला येते.

नाकाच्या आत दडलेल्या गाठी

बाहेर दिसणारी गाठ निदान दिसते तरी. काही ग्लायोमा आणि एन्सेफॅलोसील मात्र नाकपुडीच्या आतच असतात. मुलाचं एका बाजूचं नाक कायम चोंदलेलं असतं, झोपेत ते घोरतं, आणि वर्षानुवर्षं सर्दीची औषधं चालू राहतात. अशी काही मुलं तरुणपणीच डॉक्टरांसमोर येतात. नाकात पाहिलं, की गुळगुळीत, फिकट गाठ दिसते आणि ‘नाकात मांस वाढलंय’ असं निदान होतं. मोठ्या माणसांत नाकातलं मांस, म्हणजे पॉलिप, ही नेहमीची गोष्ट. पण अगदी लहान मुलांत पॉलिप क्वचितच होतात, आणि होतात तेव्हाही एकाच बाजूला सहसा नसतात. म्हणून लहान मुलाच्या एकाच नाकपुडीत ‘मांस’ दिसलं, तर ते मेंदूचं असू शकतं हे आधी मनात आलं पाहिजे.

दुर्बिणीने नाकात पाहताना इथेही गर्भातली वाट कामी येते. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर हाडाच्या पाकळ्या असतात. पॉलिप सहसा मधल्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूने खाली येतात, कारण सायनस तिकडे उघडतात. एन्सेफॅलोसील मात्र वरून, कवटीच्या तळातून उतरतं, म्हणून ते सहसा त्या पाकळीच्या आतल्या बाजूला, पडद्याकडे दिसतं. गाठ कुठून लोंबते आहे हे नीट पाहिलं, तर ती कुठून आली याचा अंदाज येतो.

आणखी एक खूण पाण्याची. एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ, स्वच्छ स्राव थेंबथेंब येत असेल, खाली वाकल्यावर वाढत असेल, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. हे ओळखायची चाचणी फार सुंदर आहे. बीटा-२ ट्रान्स्फेरिन हे प्रथिन मेंदूभोवतीच्या पाण्यात असतं. शेंबडात आणि अश्रूंत ते सहसा नसतं. १९७९ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की नाकातून येणाऱ्या स्रावात हे प्रथिन सापडलं, तर तो स्राव मेंदूकडचाच. त्यामुळे बाटलीत जमवलेले थोडेसे थेंबही कवटीतल्या भोकाची साक्ष देऊ शकतात. ज्या मुलाला पुन्हा पुन्हा मेंदूज्वर होतो, त्याचं नाक आणि कान आतून तपासणं याच कारणासाठी आवश्यक असतं.

किशोरवयात आणखी एक गाठ दारात उभी असते. ती जन्मजात नसते, पण एन्सेफॅलोसीलइतकीच सावधगिरी मागते. एखाद्या किशोरवयीन मुलाचं एका बाजूचं नाक चोंदलं आहे आणि त्याच नाकपुडीतून वारंवार भरपूर रक्त येतं, तर अँजिओफायब्रोमाचा विचार करावा लागतो. ही रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ जवळजवळ फक्त मुलांमध्येच होते, मुलींमध्ये नाही. तिचा तुकडा तपासायला काढला, तर रक्तस्राव आवरता आवरत नाही. तिथेही आधी स्कॅन.

सगळ्याच गाठी मेंदूच्या नव्हेत

नवजात बाळाच्या नाकाजवळचा प्रत्येक उंचवटा मेंदूकडून येतो असं नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर फुगवटा दिसला, तर बहुधा ती अश्रूंची नळी तुंबलेली असते. तिचं खालचं तोंड जन्मतः एका पातळ पडद्याने बंद राहिलेलं असतं आणि वर पाणी साचतं. हाच फुगवटा नाकाच्या आतही पिशवी करतो, आणि दोन्ही बाजूंना झाला तर बाळाचा श्वास अडू शकतो, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाकाची मागची वाट जन्मतः बंद असलेल्या बाळाचंही तेच होतं. ते शांत झालं, तोंड मिटलं, की निळं पडतं. रडलं, तोंड उघडलं, की पुन्हा गुलाबी होतं. त्या बाळाला रडणं वाचवतं. एका बाळाच्या रडण्यातून मेंदूकडची वाट कळते, तर दुसऱ्याच्या रडण्यातून नाकाचा बंद मार्ग.

नाकावरची लाल गाठ पुष्कळदा हिमँजिओमा निघते: रक्तवाहिन्यांची, कॅन्सर नसलेली गाठ. तिचं वागणं वेगळं असतं. जन्माच्या वेळी ती दिसत नाही किंवा फिकट डागाएवढी असते, पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते आणि पुढे वर्षानुवर्षं हळूहळू ओसरत जाते. ग्लायोमा जन्मापासून असतो आणि बाळाबरोबर सावकाश वाढतो. म्हणून ‘ही गाठ पहिल्या दिवशी होती का?’ हा प्रश्न विचारणारा डॉक्टर फार मोलाची माहिती मागत असतो.

या हिमँजिओमाने वैद्यकाला एक अनपेक्षित देणगी दिली. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांचे सहकारी नाकावर मोठा हिमँजिओमा असलेल्या एका बाळावर स्टेरॉइडचे उपचार करत होते. उपचारांदरम्यान बाळाच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुनं औषध सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी नाकावरची गाठ लालभडक रंगावरून जांभळट झाली आणि मऊ पडली. २००८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि ज्या हिमँजिओमांना उपचारांची गरज असते त्यांच्यासाठी प्रोप्रॅनोलॉल हेच जगभर पहिलं औषध झालं. डोळसपणे पाहिलेल्या एका नाकाने हजारो मुलांचे उपचार बदलले.

निदान झाल्यावर

मध्यरेषेवरच्या तिन्ही गाठींवर उपचार एकच: शस्त्रक्रिया. पण ती कुठून करायची हे स्कॅनवरून ठरतं. डरमॉइडची सगळी नळी, शेवटच्या टोकापर्यंत, काढावी लागते; थोडा भाग राहिला, तर त्यातली कातडी आपलं काम चालू ठेवते आणि गाठ परत येते. कवटीच्या बाहेरच्या गाठी नाकावरच्या छोट्या छेदातून किंवा दुर्बिणीतून काढता येतात. वाट कवटीच्या आत गेली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन मिळून शस्त्रक्रिया करतात. एन्सेफॅलोसीलमध्ये बाहेर आलेला मेंदूचा भाग बहुतेकदा निकामी झालेला असतो. तो काढता येतो, आणि मग आवरण आणि हाडातली फट पाणी झिरपणार नाही अशी घट्ट मिटवली जाते. गर्भात राहून गेलेलं काम शस्त्रक्रियेच्या टेबलावर पूर्ण होतं. अचूक निदान झालेल्या गाठीचं ऑपरेशन आखीवरेखीव होतं. निदान न होताच कापलेल्या गाठीचं ऑपरेशन मात्र भर मध्यावर न्यूरोसर्जनला हाक मारायला लावतं.

आपल्या घरांत

आपल्याकडे न्हाणीघरात बाळाला तेल लावताना नाक चिमटीत धरून ओढायची रीत आहे. नाक धारदार होतं म्हणे. नाकाचा आकार आईवडिलांकडून येतो, चिमटीने तो बदलत नाही. आणि नाकाच्या दांड्यावर किंवा भुवयांच्या मधे गाठ असेल, तर ती चोळणं, दाबणं, तिला शेक देणं बाळासाठी धोक्याचं आहे. रोज आंघोळ घालणाऱ्या बाईंच्या बोटांना ही गाठ सगळ्यांत आधी लागते. त्यांना एवढंच सांगून ठेवावं, की नाकाच्या मधोमध काही लागलं तर दाबू नका, आईला सांगा.

नवजात बाळाला त्याच्या घरी जाऊन तपासता येतं, त्याचा जीव वाचवता येतो, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केलं. १९९९ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत घरी भेटी देऊ लागल्या. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळांतल्या मुलांची जन्मजात दोषांसाठी तपासणी होते आणि गरजूंना पुढच्या उपचारांसाठी पाठवलं जातं. नाकाच्या मधोमधची गाठ किंवा भोक हेरायला या भेटी आणि तपासण्या पुरेशा आहेत. लागते ती फक्त नजर.

तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलाच्या नाकाच्या मध्यरेषेवर, शेंड्यापासून भुवयांच्या मधल्या जागेपर्यंत, जन्मापासून गाठ असेल, भोक असेल, केस असेल, किंवा मुलाची एकच नाकपुडी कायम बंद राहत असेल, तर गाठ पिळू नका, फोडू नका, कुणाला सुई घालू देऊ नका. मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या आणि स्कॅन होईपर्यंत गाठीचा तुकडा काढू देऊ नका. आधी स्कॅन, मग सुई. नाकाच्या मधोमध असलेल्या प्रत्येक गाठीसाठी नियम हाच.